चौथ्यांदा फुलाचे भाग

शिकाऊ बाईंचा तो पहिलाच सरावपाठ. मागच्या बाकावर परीक्षक मॅडम वही उघडून बसल्या होत्या. पास-नापास आजच ठरणार होतं. बाईंनी फुलाच्या भागांचा तक्ता लावला आणि प्रश्न विचारण्याआधीच वर्गाने एका सुरात सगळी उत्तरं सांगून टाकली.

"घाबरू नका बाई," पुढच्या बाकावरची मॉनिटर कुजबुजली. "या महिन्यात हा पाठ घेणाऱ्या तुम्ही चौथ्या. आता शाबासकी द्यायची असते."

बाईंनी शाबासकी दिली. अर्ध्या तासाचा पाठ नऊ मिनिटांत आटोपला. बाईंनी तक्ता गुंडाळला आणि वर्गाला विचारलं,

"तक्त्यात नाही असं काही विचारायचंय?"

"फुलाला वास कुठून येतो?"

"मला नक्की माहीत नाही. शोधून उद्या सांगते."

मग चाळीस हात वर आले, ते घंटेपर्यंत खाली गेले नाहीत.

मॅडमनी लिहिलं, 'वेळेचं नियोजन नाही. पास.'