नकटीची लाथ

मॅरेनच्या हाताला खरचटलं आणि डार्लाच्या पोटात दुखायला लागलं.

खरचटलं तरी केवढंसं! सकाळी रिव्हॉल्वरच्या सरावात अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या बेचक्यात जरा साल निघालं होतं, बस्स. पण डॅडनं तो हात उजेडाकडे धरला, वर फुंकर घातली आणि म्हणाला, "शाब्बास, पोरी." शाब्बास! साल निघाल्याबद्दल! डार्लाचं त्याच जागचं साल दोन वर्षांत कितीतरी वेळा निघालं होतं आणि तिनं ते खिशात हात घालून लपवलं होतं. असलं काही दाखवायचं नसतंच, असं तिला वाटायचं. आता कळलं की दाखवलं असतं तर फुंकर मिळाली असती.

डार्लाच्या बापाची, हॉयटची, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या पाइन फोर्क गावाबाहेर टेकडीच्या पोटाशी चांदमारी, म्हणजे नेमबाजीचं मैदान, होती. दर वर्षी ईस्टर झालं की तिथे बायकांचा दिवस असायचा. चर्चमधल्या बायका, बेकरीतल्या बायका, पलीकडच्या खोऱ्यातल्या बायका, सगळ्या मसाला भरलेली अंडी आणि गोड गार चहाचे जग घेऊन यायच्या आणि पर्समध्ये मावेल अशी एखादी रिव्हॉल्वर पसंत करून जायच्या. आखूड नळीच्या, ओंजळीएवढ्या त्या रिव्हॉल्वरना गावात सगळे लाडानं 'नकट्या' म्हणत. बावीस, बत्तीस, अडतीस हे त्यांचे आकडे, गोळीच्या जाडीचे. पण नकटी पसंत करायची तर आधी तिची लाथ, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा झटका, कशी आहे ते कळायला हवं. म्हणून कुणीतरी एक-एक उडवून दाखवायची.

गेली दोन वर्षं ती 'कुणीतरी' म्हणजे डार्ला होती. सोळा वर्षांची, काडी पैलवान. तिचं मनगट बघून बायकांना धीर यायचा, हिला जमतंय तर आपल्याला का नाही जमणार? डार्ला लहानीपासून थोरलीपर्यंत सगळ्या उडवायची, कपाळावर एक आठी नाही, आणि शेवटी तोंडावरची बट फुंकून म्हणायची, "काहीच वाटत नाही!" की टाळ्यांचा कडकडाट. 'लोखंडी मनगट' असं नावच पडलं होतं तिचं. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे त्या वेळी डॅड तिच्या शेजारी उभा असायचा. फक्त तिच्या.

या वर्षी त्याच दिवशी सकाळी, नाश्त्याच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवर रस्सा ओतता ओतता, डॅड म्हणाला, "आज मॅरेन उडवेल."

मॅरेन म्हणजे डॅडच्या नव्या बायकोची, ग्वेनची मुलगी. गेल्या पानगळीत लिटल रॉकहून दोन सुटकेस आणि एक उशी घेऊन आली ती थेट डार्लाच्या वर्गात, डार्लाच्या बाकावर आणि डार्लाच्या बापाच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"का?" डार्लानं विचारलं.

"तिलाही जरा संधी मिळू दे."

"तिला धड धरता तरी येते का?"

"बत्तीसपर्यंत येते," मॅरेन घास चावत म्हणाली. "अडतीस जरा चावते."

"चावते म्हणे! कुत्रं आहे का ते?"

"कुत्र्यानं निदान आधी गुरगुरून तरी दाखवलं असतं."

डॅड खळखळून हसला. डार्लानं आपली बशी बाजूला सारली.

"आणि हे बघ, डार्ला," डॅड पुढे म्हणाला, "हलक्या नकटीत या वर्षी मॅग्नम नाही. तिच्यात फक्त अडतीस. मॅग्नम पोलादी नकटीत. तू काडतुसांची चक्री भरायला उभी राहा."

चक्री भरायला! परवापर्यंतची नवरी आज करवली. आणि वर तिचा खास प्रयोगही रद्द!

आता हा खास प्रयोग काय ते सांगायला हवं. नकट्या दिसायला बहिणी-बहिणी असल्या तरी प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. बावीसची म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा पंजा, आवाजच जास्त. बत्तीसची सभ्य, ढकलते, पण 'माफ करा हं' म्हणत. अडतीसची मात्र हलक्या धातूची असली तर सण्णकन थोबाडीत देते. आणि त्याच हलक्या नकटीत मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं, काडतूस भरलं, तर? कुणी जीव खाऊन फेकलेला बेसबॉल उघड्या तळव्यावर झेलून बघा! चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या पेरावर हाणते, बेचकं सोलून निघतं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. मेख अशी की त्या नकटीत अडतीसचंही काडतूस बसतं आणि मॅग्नमचंही. मॅग्नम नखभर लांब असतं, इतकाच फरक. बायका दुकानात हटकून हलकीच नकटी उचलतात, पर्सला जड नको म्हणून. पण लाथ पचवायला अंगात वजन लागतं. नकटीच्या अंगात ते नसलं की सगळी लाथ हाताच्या वाट्याला. डार्ला नेमकी ती हलकी नकटी मॅग्नम भरून उडवायची आणि म्हणायची, "काहीच वाटत नाही!" हा तिचा खास प्रयोग.

दुपारपर्यंत पत्र्याच्या छपराखाली बायकांची गर्दी झाली. पिवळ्या दोरीच्या मागे खुर्च्या, दोरीच्या पुढे टेबल. सगळ्यांच्या कानांवर टोपणं, डोळ्यांवर चष्मे. डॅड ओरडला, "मैदान गरम!" म्हणजे आता गोळ्या सुटणार, आणि मॅरेननं सुरुवात केली.

बावीस झाली. "ही गोड आहे," मॅरेन म्हणाली. बत्तीस झाली. "हिच्याशी मैत्री होऊ शकते." बायका खुदखुदल्या. डॅडही. डार्ला चक्र्या भरत होती आणि आतल्या आत कढत होती. यात हसण्यासारखं काय आहे? गोळी तर निशाण्याच्या कडेला लागली होती, मधोमधसुद्धा नाही!

मग आली हलकी नकटी. या चांदमारीचा एक जुना रिवाज होता. चक्री भरणारीनं गुपचूप एक मुकं काडतूस, म्हणजे आधीच उडालेलं रिकामं, भरलेल्या काडतुसांत घालायचं. ते कधी येणार हे उडवणारीला माहीत नसतं. चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं आणि नकटी जागची हलली नाही, तर ती खरी धीराची. पण लाथेच्या भीतीनं हात आधीच दचकला, तर नळीचं तोंड खाली झुकतं, कोंबडीनं दाणा टिपावा तसं. मग सगळ्यांनी ओरडायचं, "दाणा टिपला!" आणि टिपणारीनं मैदानातली रिकामी काडतुसं वेचायची. शिवाय जी दुसरीची चक्री भरेल, तिला आपलीही दुसरीकडून भरून घ्यावी लागे. गेली दोन वर्षं डार्ला आपली चक्री आपणच भरत होती, म्हणून मुकं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

डार्लाच्या हातात अडतीसची चार काडतुसं आणि एक मुकं. टेबलावर पलीकडे पोलादी नकटीसाठी काढून ठेवलेली मॅग्नमची पेटी. डॅड बायकांकडे तोंड करून काहीतरी समजावत होता. डार्लानं त्याच्या पाठीकडे पाहिलं, मॅरेनच्या हातावरच्या त्या चिमूटभर पट्टीकडे पाहिलं, ती पट्टीसुद्धा डॅडनं लावलेली. आणि तिच्या हातानं अडतीस खिशात टाकली, मॅग्नम उचलली. पहिलं मॅग्नम, दुसरं मुकं, मग पुन्हा मॅग्नम. चक्री बंद. खट्ट!

मॅरेननं नेम धरला.

धाड्!

नकटी आभाळाकडे उडाल्यासारखी झाली. मॅरेन किंचाळली, "आई गं!" पण तिनं ती सोडली नाही. नळी निशाण्याकडेच ठेवून ती सावकाश खाली घेतली आणि दुसऱ्या हातात घेऊन दुखरा हात झाडत डार्लाकडे वळून पाहिलं. रागानं नव्हे. डोळे बारीक करून, कोडं सुटल्यासारखं. मग तिनं पुन्हा नेम धरला.

टक्.

नळीचं तोंड असं सपकन खाली गेलं की एक दाणा काय, अख्खी परात टिपून झाली असती.

"दाणा टिपला!" छप्पर दणाणलं. डार्ला सगळ्यांत मोठ्यानं ओरडली.

"टिपला तर टिपला!" मॅरेन हसत, डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली. "मला लागलंय! तुम्ही उडवून बघा, तुम्हीपण टिपाल!"

आणि झालं भलतंच. बायका तिला हसल्या नाहीत. पहिल्या रांगेतली मिस ओडेल, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, उठून उभी राहिली.

"म्हणजे लागतं? खरंच लागतं?"

"भयंकर लागतं, मॅम."

"अगं बाई! मी हीच तर नेली होती. ही डार्ला म्हणाली होती ना, काहीच वाटत नाही म्हणून! घरी एकदा उडवली आणि तीन दिवस ऑर्गनला हात लावला नाही. तेव्हापासून शिवणाच्या डब्यात पडलीय. मला वाटलं, माझेच हात निकामी."

"माझी पिठाच्या पिंपामागे आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझी नवऱ्यानं घेतली. तोही उडवत नाही, मेला!"

हशा पिकला. डॅड बुटांच्या टोकाकडे बघत होता. तेव्हा डार्लाच्या लक्षात आलं की हे त्याच्या कानावर आजच पडलेलं नाही.

"आता भरणारीची पाळी," तो हळूच म्हणाला.

ठीक आहे! डार्लानं टोपणं नीट केली. लोखंडी मनगट काय असतं ते आता बघाच. मॅरेननं चक्री रिकामी केली, पाठ वळवून पुन्हा भरली आणि नकटी टेबलावर ठेवली.

धाड्! अडतीस होती, तिला लगेच कळलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "काहीच वाटत नाही!" ती सवयीनं म्हणाली.

टक्.

नळी खाली गेली. नुसती नळी नाही, खांदे गेले, हनुवटी गेली, डोळे तर घट्ट मिटलेले. दोन वर्षं दर लाथेच्या आधी ती हेच करत आली होती. पण लाथ बसली की नळी वर उडायची आणि सगळं झाकलं जायचं. आज झाकायला लाथच नव्हती.

क्षणभर कुणी ओरडलंच नाही. ते जास्त वाईट होतं. मग मिस ओडेलच हळू आवाजात म्हणाली, "दाणा टिपला गं, लेकरा."

"मैदान थंड!" डॅड ओरडला. नकट्या रिकाम्या होऊन टेबलावर पडल्या आणि दोघी मुली बादली घेऊन काडतुसं वेचायला खाली बसल्या.

"मॅग्नम भरलीस ना?" मॅरेन खाली बघतच म्हणाली.

"कशावरून?"

"हातावरून. अडतीस चावते. ही लाथ होती."

काडतुसं बादलीत किणकिणत होती.

"डॅडला सांगणार?"

"सांगणार तर! काडतूस बदलणं म्हणजे काय खेळ आहे?" मॅरेननं हात झाडला. बेचकं लालबुंद झालं होतं. "एवढी बादली भरू दे, की चालले."

डार्लाच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभंच राहिलं. मॅरेन तो सुजलेला हात पुढे करतेय, डॅड फुंकर घालतोय, 'बरं झालं तू सांगितलंस, पोरी' म्हणतोय. म्हणजे खरं बोलण्याचं श्रेयही हिलाच? छे! छे, छे, छे! डार्ला ताडकन उठली, बादली लवंडली आणि ती पळत सुटली.

"ए! थांब!" मॅरेन ओरडली आणि तीही मागून धावली.

पण लहानपणापासून त्या मातीत धावलेली डार्ला आधी पोचली. "डॅड! मी मॅग्नम भरली होती. हलकीत. मुद्दाम!" तिनं एका दमात सांगून टाकलं आणि मागून धापा टाकत आलेल्या मॅरेनकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. जिंकले!

डॅडचा चेहरा पाहिल्यावर कळलं, काय जिंकले ते. तो ओरडला नाही. त्यानं टेबलावरची मॅग्नमची पेटी मिटली.

"तिचं बोट मोडलं असतं तर?"

डार्लानं खिशातली अडतीसची काडतुसं टेबलावर काढून ठेवली.

"दोरीच्या मागे. पानगळ येईपर्यंत दोरीच्या मागे. काडतुसाला हात नाही."

"हो, सर," डार्ला म्हणाली. एरवी ती त्याला सर म्हणत नसे.

सगळ्यांच्या देखत दोरी ओलांडून ती मागे आली. मिस ओडेलनं शेजारची खुर्ची थोपटली आणि एक भरलेलं अंडं तिच्या हातात दिलं. पुढे डॅड मॅरेनच्या बाजूला उभा राहून पोलादी नकटी कशी धरायची ते दाखवत होता. डार्लाला अंडं कडू लागलं.

"आणि ती गं?" मिस ओडेल तिच्या कानाशी लागली. "ती जड दिसतेय ती. तीपण अशीच मारते का? आणि आता खरं सांग हो!"

धाड्! मॅरेननं उडवली आणि बायकांकडे वळून म्हणाली, "हिचंही लागतं! पण वेगळं लागतं!" सगळ्या हसल्या.

"वेगळं म्हणजे कसं?" मिस ओडेलनं विचारलं.

"हिला वजन आहे, मॅम," डार्ला म्हणाली. "लाथ निम्मी तिच्याच अंगात जिरते. ती मारत नाही, ढकलते. तळव्याला, बेचक्याला नाही. दुसऱ्या दिवशी मनगट जड वाटतं, पण बोटं चालतात."

"म्हणजे ऑर्गन वाजवता येईल?"

"हिच्यात मॅग्नम न भरता अडतीस भरलीत, तर त्याच संध्याकाळी."

पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळल्या. "आणि बत्तीसचं काय गं? माझ्या बोटांना संधिवात आहे."

पुढे डॅड मॅरेनला पुन्हा "शाब्बास" म्हणाला. डार्लाच्या पोटात पुन्हा तीच कळ उठली, अगदी सकाळइतकीच. पण तिनं खुर्ची पुढे ओढली. प्रश्न तिला विचारला होता, आणि त्याचं उत्तर मॅरेनला येत नव्हतं.