चेस्ट नंबर सतरा

टोकियोतल्या फुनाबोरीत नदीच्या बांधावर सकाळी धावणारी माणसं पुष्कळ. पण स्वतः धापा टाकत मुलीच्या अंगावर "गुडघे वर! गुडघे वर!" म्हणून ओरडणारा बाप एकच होता. यतीन कावासाकीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघायचा. दिवसभर 'यतीन-सान, यतीन-सान' ऐकत मान डोलावणारा हा गरीब माणूस बांधावर आला की सुभेदार व्हायचा. कुत्री फिरवायला आलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला वाकून नमस्कार करायच्या आणि जरा लांबूनच जायच्या.

ही सगळी धावपळ अक्षयाच्या कॉलेजसाठी चालली होती. अक्षया जन्मली अमेरिकेत, यतीन तिथे ऑनसाइट असताना. त्यामुळे घरात तिचा एकटीचा पासपोर्ट अमेरिकेचा. वाढली मात्र सगळी इथे. आता बारावीत आल्यावर तिनं अमेरिकेतल्या एका समुद्राकाठच्या कॉलेजचा ध्यास घेतला होता. समुद्राचा अभ्यास करायचा तर तिथंच. त्या कॉलेजची फी बघून यतीनचे डोळे पांढरे झाले. तेव्हा शाळेतल्या कौन्सेलर बाईंनी एक वाट दाखवली. अमेरिकन सैन्य काही मुलांना कॉलेजात शिकता शिकताच अधिकारी व्हायचं प्रशिक्षण देतं आणि त्यांची सगळी फी भरतं.

"आणि उघडपणे कुणी कबूल करणार नाही," बाई म्हणाल्या होत्या, "पण ही शिष्यवृत्ती हातात असलेल्या मुलीचा अर्ज कॉलेजवाले जरा वेगळ्या नजरेनं बघतात. एक तर फीची खात्री. शिवाय मुलगी कुणीतरी आधीच पारखून घेतलेली असते."

पहिल्या वर्षात बंधन नसतं, नको वाटलं तर सोडता येतं, हेही त्यांनी सांगितलं. यतीनच्या बायकोनं, विभानं, नेमकं तेवढंच उचललं.

"म्हणजे शिष्यवृत्ती दाखवून आत शिरायचं आणि वर्षानं अलगद बाहेर पडायचं. पुढे कर्ज मिळतं की! वर्षभर कवायत करून कुणी झिजत नाही."

विभाचं चूक होतं असं कोण म्हणेल? पोरीचं भलं बघत होती. खरा लबाड होता यतीन. कारण शिष्यवृत्तीचं नाव निघालं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कॉलेज आलंच नव्हतं. आली ती वर्दी. दुसऱ्या देशाची का होईना, खांद्यावर पट्ट्या असलेली, इस्त्रीची. स्वतःला मिळाली नाही ती. या विषयावर तो बायकोशी इतक्या वर्षांत एकच वाक्य बोलला होता, "एकदा परीक्षा दिली होती, झालं नाही." बाकीचं सगळं तो रोज सकाळी धावून जिरवत होता.

मुलाखत आठवड्यावर आली. रविवारी दुपारी विभा निशी-कासाईला किराणा आणायला गेली आणि बापलेक जेवणाच्या टेबलाशी तयारीला बसले. अक्षयानं पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. देशसेवा, नेतृत्व, शिस्त, सगळं जागच्या जागी.

"पाठ केल्यासारखं वाटतंय," यतीन म्हणाला.

"पाठच केलंय, बाबा. तूच तर लिहून दिलंस."

"मनापासून बोल ना जरा."

"मुरी!" तिनं हात वर केले. नाही जमत म्हटलं की ती जपानीतच म्हणायची. "तू दाखव. मी ऑफिसर." आईचा चष्मा नाकावर चढवून ती ताठ बसली. "सांगा, तुम्हाला सैन्यात अधिकारी का व्हायचंय?"

यतीन हसत हसतच खुर्चीत नीट बसला. पण पाठ सरळ झाली, हात गुडघ्यांवर गेले आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

"मी सहावीत असताना आमच्या गावात पूर आला होता," तो म्हणाला. "सैन्याच्या होड्या आल्या. त्यांचा कॅप्टन असेल चोवीस-पंचवीस वर्षांचा. दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभा. संध्याकाळी शाळेत आमची पंगत बसवली, मग त्याचे जवान जेवले. तोवर तो दाराशी उभा होता. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात त्यानं उभ्याउभ्याच खाल्ला. मला तसं व्हायचं होतं. सगळ्यांच्या मागून जेवणारा माणूस. अजून वाटतं."

अक्षयानं चष्मा काढला. "मग तुला घेतलं का नाही?"

"काय माहीत! कारण सांगत नाहीत." यतीन टेबलावरचा डाग नखानं खरवडू लागला. "भोपाळला सैन्याच्या निवडीचे पाच दिवस असतात. तिथे कुणाला नाव नसतं, छातीवर नंबर. मी चेस्ट नंबर सतरा. शेवटी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून साहेब निवडलेले नंबर पुकारतात. ज्याचा पुकारतील त्यानं उठायचं, 'येस सर' म्हणायचं. बाकीच्यांना गाडीत घालून स्टेशनवर सोडतात. माझ्या शेजारी अठरा नंबर होता. पहिल्यांदा येणाऱ्याला रेल्वेचं भाडं मिळतं, म्हणून फिरायला आलेला. पाचही दिवस मला हसत होता, एवढं काय मनाला लावून घेतोस म्हणून. साहेबांनी पुकारलं, सोळा. मग अठरा."

"आणि तो गेला?"

"गेला. वर्षभरात कंटाळून सोडून आला. मी त्याला इतक्या शिव्या घातल्यात, इतकी वर्षं... नको होतं तर कशाला रे अडवलीस ती जागा…"

तो मध्येच थांबला. अक्षया त्याच्याकडे बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी अठरा नंबर आहे ना?"

कुठेतरी एखादा सतरा नंबर असणारच होता, रात्रंदिवस तेच मागणारा. त्याच्या आधी आपली पोरगी उभी राहावी म्हणून आपणच तिला पळवत होतो, हे यतीनला लख्ख दिसलं. दिसलं तरीसुद्धा ती वर्दी डोळ्यांपुढून जाईना. एवढा हावरा असतो का माणूस? असतो.

विभा पिशव्या घेऊन आली. झालेलं ऐकून तिनं पिशव्या खाली आपटल्या. "कुठल्या जमान्यातला कोण तो मुलगा! त्याच्यापायी हिचं कॉलेज घालवणार तुम्ही?"

"बाबा नाही, मी घालवतेय," अक्षया म्हणाली. तिला रडू येत होतं, कॉलेज तिला हवंच होतं. "मुलाखतीला येत नाही म्हणून कळवते. कॉलेजला अर्ज करीन, नुसता. घेतलं तर घेतलं."

नाही घेतलं. मार्चमध्ये नकार आला. नुसत्या अर्जामुळे आला की एरवीही आला असता, हे कुणाला कळणार? कॉलेजंही कारण सांगत नाहीत. अक्षया दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिनं शिझुओकाच्या एका विद्यापीठात जागा मिळवून ठेवली होती. आता तिथल्याच समुद्रावर समाधान मानायचं होतं. विभा यतीनशी कामापुरतं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी यतीन एकटाच बांधावर गेला. आता कुणाला पळवायचं नव्हतं. पायांना सवय होती म्हणून तो धावत होता आणि मनातल्या मनात पोरीची माफी मागत होता. गोष्ट सांगितली नसती तर? तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?

"चेस्ट नंबर सतरा!"

मागून आवाज आला, खणखणीत मराठीत. कुत्रेवाल्या दोन बायका दचकून थांबल्या. यतीन जागच्या जागी उभा राहिला. टाचा आपोआप जुळल्या, छाती वर आली. मागे अक्षयाच्या बुटांचा आवाज जवळ जवळ येत होता.

"येस सर," तो म्हणाला. मागे वळून बघायला मात्र त्याला बराच वेळ लागला.