बाणाचा खरारा

चिमाजींनी बाणाच्या मानेवर हात ठेवला, जीभ टाळूला लावून हलकेच टक् टक् केलं आणि काथ्याचा बोळा फिरवायला सुरुवात केली. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या कलाने. कुत्र्याला घोड्यासारखा खरारा करणारा माणूस अख्ख्या सातपुरात दुसरा नसेल. पण चिमाजींनी चाळीस वर्षं नाशकात टांगा हाकला होता, आणि गेल्या वर्षापासून त्यांच्या लेखी बाण ही त्यांची चंद्री घोडीच होती.

बाण जातीचा कारवानी. लांब पाय, आत ओढलेलं पोट, आखूड केस. जावई किशोर साबण घेऊन आला की गुरगुरणारा हा पठ्ठ्या म्हाताऱ्यापुढे मात्र डोळे मिटून उभा राही. झडलेले बारीक केस डिसेंबरच्या उन्हात तरंगत होते, आणि त्यांना खाली यायची मुळीच घाई नव्हती.

"चंद्रे, पाय," चिमाजी म्हणाले.

बाणाने पुढचा पाय उचलून दिला. चिमाजी अंगठ्याने नाल चाचपत राहिले.

"कुत्रा आहे तो, अण्णा," असं म्हणणं त्यांच्या लेकीने, तृप्तीने, दिवाळीतच सोडून दिलं होतं. तिचं दुखणं वेगळं होतं. दुपार कलली की अण्णा फाटकाबाहेर पडत. दोनदा हरवले, दुसऱ्यांदा तर त्र्यंबक नाक्यावर सापडले. तेव्हापासून किशोरने फाटकाला कुलूप लावलं. एकुलत्या एका लेकीच्या घरात बापाला करमत नाही, हे तृप्तीला फार लागलं होतं. एवढं जीव लावून करायचं, आणि वर आपणच राखण करायची.

आजही खरारा संपला, आणि चिमाजी कुलूप हलवू लागले.

तृप्ती थकली होती. समजावण्याऐवजी ती सहज बोलून गेली,

"टांगेवाले, पंचवटीला येता का?"

चिमाजींनी वळून पाहिलं. टांगेवाला गिऱ्हाइकाकडे पाहतो तसं.

"नाय बाई. या येळेला सवारी घेत नाय."

"का हो?"

"शाळा सुटंल आता. पोरीला आणायचंय. तिसरीत हाय." त्यांनी पुन्हा कुलूप हलवलं. "मला उशीर झाला का रडत नाय, काय नाय. पायरीवर गप बसून राहती. ते लय वाईट वाटतं."

तृप्ती घरात गेली, किल्ली घेऊन आली. कुलूप निघालं. तिने पायांत चपला सरकवल्या आणि बाणाला साखळी लावली.

"चला. मलाही तिकडंच जायचंय."

चिमाजींनी तिला नीट न्याहाळलं. मग मान हलवली.

"बस मग. पण मागं बस, बाई. पुढं माझी पोरगी बसती."