फिती सुटलेला बोकड

मी एक म्हातारा बोकड आहे, मित्रांनो. मंगोलियाच्या माळावर बोकडाला म्हातारपण सहसा लाभत नाही, म्हणून माझी हकिकत सांगायलाच हवी.

मी करडू असताना या घरची सेवजिद तापाने फणफणली होती. ती बरी झाली तेव्हा तिच्या आजोबांनी एका जिवाला अभय दिलं. तो जीव मी! लामांनी मंत्र म्हटले, आजोबांनी माझ्या डोक्यावर दूध शिंपडलं आणि गळ्यात रंगीत फिती बांधल्या. फिती असलेल्या जनावराला विकायचं नाही, कापायचं नाही. मग काय, कळपाच्या पुढे मी ऐटीत चालायचो. सेवजिद माझ्या पाठीला रेलून आजोबांकडून मंत्र शिकली. आजोबा गेले, तेव्हा माझ्याच मानेत तोंड खुपसून रडली.

गेल्या शरदात फिती पार विरल्या. चौदा वर्षांची सेवजिद त्या सोडून लामांकडे नव्या आणायला गेली. आधी नव्या आणाव्यात, मग जुन्या सोडाव्यात, हे पोरीला सुचलं नाही. नेमका तेव्हाच खाटकांना जनावरं पुरवणारा व्यापारी ट्रक घेऊन आला. "बिनफितीचे थोराड बोकड घेऊन जा," एवढं सांगून तिचे बाबा घोड्यांमागे निघून गेले. सेवजिद परतली तेव्हा मी ट्रकमध्ये होतो. ती धावत ट्रकच्या आडवी झाली.

"काका, हा आमचा अभयाचा बोकड आहे! उतरवा त्याला."

"मग फिती कुठायत?"

"या काय, माझ्या हातात!"

"बरं बाई, ने. पण बदल्यात दुसरा दे."

सेवजिदने एका तांबूस बोकडाच्या शिंगाला हात घातला. तो तिचा तळवा चाटू लागला. तिने हात मागे घेतला.

"नाही. एकाचं मरण दुसऱ्यावर ढकलायचं, याला वाचवणं म्हणतात होय?"

"मोठी लामा लागून गेलीस! मी काय हात हलवत जाऊ?"

ती तंबूत गेली आणि नव्या वर्षाच्या सणासाठी शिवलेला रेशमी अंगरखा घेऊन आली. "तुमच्या मुलीला होईल."

व्यापारी मान खाजवत उभा राहिला. मग त्याने अंगरखा घेतला आणि मुकाट्याने मला उतरवलं.

संध्याकाळी बाबांना सगळं कळलं. "आजोबांनी पार बिघडवलंय तुला," ते म्हणाले, आणि नव्या फिती त्यांनीच बांधल्या.

"बाबा, ट्रकमधले बाकीचे?"

"त्यांच्यावरच आपला हिवाळा निघतो गं."

मग ती ट्रक गेला त्या वाटेकडे बघत बराच वेळ मंत्र पुटपुटत राहिली.

सणाला ती आखूड बाह्यांचा जुनाच अंगरखा घालून घरोघरी गेली. मैत्रिणी हसल्या, तीही हसली.

मित्रांनो, तुमच्या दारीही एखादा थकलेला, निरुपयोगी जीव असेल. त्याला जपा. पण त्याची किंमत दुसऱ्या दुबळ्याकडून वसूल करू नका. द्यायचंच असेल, तर स्वतःच्या आवडीचं काही द्या.