ठेव म्हटलं, देव झालो

मी एक जुना दगड आहे. जव्हारहून साखरशेतकडे येताना झऱ्याशेजारी शेंदूर फासलेला जो दिसतो, तोच मी. मित्रांनो, मी देव नाही. हे सांगायला मला जरा उशीरच झाला.

सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडून रीड नावाचे इंजिनिअर इकडे आले आणि इथलेच झाले. लोक त्यांना रीठासाहेब म्हणत. जव्हारच्या नगरकमिटीचे ते सभासद होते. बाकीच्यांना शहरात कारंजं हवं असे, तेव्हा हे एकटेच पाड्यांच्या पाण्यासाठी भांडत बसत. मला ते फार आवडत. त्यांनी हा झरा बांधून घेतला, पाथरवटाकडून माझ्या अंगावर अक्षरं कोरून घेतली आणि गड्याला बजावलं, "हा दगड इथेच ठेव." पण साहेबांच्या जिभेला 'ठ' काही जमेना. गड्याने ऐकलं, "हा दगड इथेच देव." वाचता कोणाला येत होतं? संध्याकाळी माझ्यापुढे नारळ फुटला. साहेब पोट धरून हसले आणि खोबरं खाऊन गेले.

पुढे साहेब तापाने गेले. माझी अक्षरं शेंदराखाली गडप झाली. मान खूप मिळाला, पण मला वाचलं कोणीच नाही.

यंदा नळयोजना आली. सुदर्शन नावाचा तरुण इंजिनिअर जेसीबी घेऊन आला. टाकीसाठी नेमकं इथेच खणायचं होतं. रोज मला पाणी घालणारी हिराबाई आडवी आली.

"साहेब, ह्यो आमचा देव हाय. हलवायचा नाय."

"आजी, देवाला वरती ओटा बांधून देतो. पण पाड्याला टाकी नको का?"

हिराबाईने चढाकडे पाहिलं. तिच्या सुना डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन हा चढ चढतात. "मंग जाताना त्याला आंघोळ तरी घालू दे," ती म्हणाली.

तिने झऱ्याचं पाणी ओतलं, रडत रडत मला चोळलं, आणि शेंदराचं जाड कवच निखळून पडलं. सुदर्शन वाकला. बोट फिरवत त्याने वाचलं, "येथे खणू नये. खडक फुटल्यास झरा जाईल."

त्याने जेसीबी बंद करायला लावला. टाकी पलीकडच्या माळावर बांधली.

"एवढं लिवलेलं व्हतं, न् आमी शेंदूरच लावत बसलो," हिराबाई हसली. "तरी देवच तू. झरा राखलास."

आता ती शेंदूर फक्त माझ्या माथ्याला लावते, अक्षरं मोकळी ठेवते. मित्रांनो, आम्हा जुन्या दगडांना हवं तर पुजा. पण अधूनमधून धुऊन वाचाही.