कंपनीतून काढलेला रेडिएटर

बातमी आली तो शुक्रवार होता आणि गॅरेजमध्ये रोजच्यासारखंच चाललं होतं. मारुतराव एका टेम्पोचं ऑइल बदलत होते. चहाचा ग्लास बाजूला ठेवलेला, त्यावर साय धरली होती. चारच्या सुमारास फोन वाजला. हात काळे होते म्हणून त्यांनी करंगळीने स्पीकर लावला. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "महाळुंग्याच्या शालनबाई गेल्या. सोपानरावांची मंडळी. दीड वाजता, घरीच."

मारुतराव "बरं" म्हणाले. ऑइल निथळेपर्यंत ते तसेच उकिडवे बसून राहिले. मग उठून सोपानरावांच्या जीपपाशी आले आणि बॉनेट उघडून माझ्याकडे बघत राहिले.

मी त्या जीपचा रेडिएटर. इंजिनाचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा आणि वाऱ्याला देऊन टाकायचा, एवढंच माझं काम. ते मला एक दिवसही नीट जमलं नाही. जमणार नाही, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. मी ते सांगू शकत नव्हतो, आणि ज्यांना सांगता येत होतं त्यांना कोणी विचारलं नाही.

चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी तयार झालो. ॲल्युमिनियमची जाळी, वर-खाली काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. दिसायला देखणा होतो. तपासणीच्या टेबलावर अंजली नावाची बाई होती. पिंपरीच्या कामगार वसाहतीत वाढलेली, आजोबा कंपनीत, वडील कंपनीत. नऊ वर्षं ती एकच काम करत होती: आमच्या पोटात हवा भरायची, पाण्याच्या हौदात बुडवायचं आणि वीस आकडे मोजायचे. माझ्या डाव्या कोपऱ्यातून तीन बुडबुडे आले. तिने मला बाहेर काढलं, फिरवलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा तीन. शेजारचा एक जण म्हणाला, "जाऊ दे की ताई. एवढे बुडबुडे तर मासापण सोडतो."

"मासा गाडीला बसवत नाहीत," अंजली म्हणाली. तिने माझ्या टाकीवर लाल रंगाचा फराटा ओढला आणि मला नापास मालाच्या लाल पेटीत टाकलं.

तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, माझ्याविषयी कोणी खरं बोललं असेल तर तीच.

लाल पेटीतला माल फाटकाबाहेर जाण्याआधी यंत्रात चेपायचा, असा नियम होता. त्या आठवड्यात यंत्र बंद होतं. भंगार उचलायचं काम अजिंक्यकडे होतं. या गावांच्या जमिनी कंपन्यांत गेल्या, त्याच्या बदल्यात कोणाला नोकरी मिळाली, कोणाला कामगारांची ने-आण मिळाली, अजिंक्यच्या वाट्याला भंगार आलं. तो सोपानरावांचा पुतण्या. सोपानरावांना मुलगा नव्हता. एक मुलगी, मोनिका, लग्न होऊन वाकडला टोलेजंग इमारतीत राहायला गेलेली. इथे उठता-बसता अजिंक्यच होता. तो त्यांना तात्या म्हणायचा आणि शब्द खाली पडू द्यायचा नाही.

या पट्ट्यातल्या माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. यांच्या दाराशी कंपन्या आहेत, म्हणून गाडीचा सुटा भाग दुकानातून विकत घेणं यांना कमीपणाचं वाटतं. प्रत्येकाचा कोणीतरी कुठेतरी आत असतो. "दुकानात कशाला जाता, कंपनीतून काढू," हे वाक्य इथे मोठ्या प्रेमाने बोललं जातं. कांदे घेताना हीच माणसं एकेक दाबून बघतात. पण ओळखीतून आलेली वस्तू तपासायची म्हणजे ओळखीवर संशय घेतल्यासारखं. चांगला माल मोजून, खोक्यात घालून, कागदासकट मोठ्या फाटकाने जातो. ओळखीतून निघतो तो आमच्यासारखा, हे त्यांना कोणी सांगत नाही.

शालनबाईंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, चिंचवडच्या एका दवाखान्यात त्यांचं डायलिसिस. मोनिका म्हणाली होती, दर वेळी कॅब पाठवते. पण बंद काचांच्या गाडीत शालनबाईंना मळमळायचं, आणि परत येताना त्यांना आडवं व्हावं लागायचं. सोपानरावांची जीप एकोणीस वर्षांची, तिच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली होती. तीच त्यांना सोसायची. आणि तिचाच जुना पितळी रेडिएटर, चार वेळा डाग देऊन सांधलेला, आता गळायला लागला होता.

मारुतरावांनी तेव्हाच नीट समजावलं होतं. जुनं इंजिन जास्त तापतं, तेव्हा नवी जाळी जुन्या जाळीएवढीच जाड पाहिजे, नळ्यांच्या ओळी मोजून घ्या, जीपच्या मॉडेलचा नंबर जुळवा आणि पक्कं बिल घ्या. नाहीतर जुन्याच पितळी रेडिएटरला भोसरीत नवी जाळी भरून देतो, मग अजून दहा वर्षं त्याच्याकडे बघायला नको. फक्त चार दिवस लागतील. चार दिवस म्हणजे दोन डायलिसिस. सोपानराव म्हणाले, बघतो.

त्या संध्याकाळी अजिंक्यने मला त्यांच्या ओट्यावर आणून ठेवलं. लाल फराटा त्याने थिनरने पुसला होता; पुरता गेला नाही म्हणून वर काळा रंग मारला होता. लबाडी म्हणून नव्हे. त्याला खरंच वाटत होतं की एवढ्याशा ओरखड्यासाठी कंपनीवाले माल फेकून देतात. चुलतीच्या गाडीला डागाची वस्तू कशी द्यायची, म्हणून त्याने रंग दिला.

शालनबाई दाराला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दुकानातनं आना की. बिल तरी मिळंल."

"घरचा मानूस कंपनीत हाय, आन् दुकानात कशापायी जायाचं?" सोपानराव म्हणाले.

"मानूस घरचा हाय. ह्यो घरचा हाय व्हय?"

अजिंक्य हसला. सोपानरावही हसले. त्या हसल्या नाहीत. त्या मला बराच वेळ बघत होत्या, लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मारुतरावांनी मला हातात घेऊन विचारलं, एकदा पाण्यात बुडवून बघू का. सोपानरावांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या म्हणाला, "कंपनीचा आहे, मारुतराव. तिथं मशीनवर तपासतात." ते खोटं नव्हतं. तपासलं होतंच. मारुतरावांनी पाना उचलला. मला बसवलं, पितळी रेडिएटर अजिंक्य भंगारात घेऊन गेला. ज्याच्यात जीव होता तो भंगारात, आणि भंगारातला मी त्याच्या जागी.

पहिल्या आठवड्यातच मी पाझरू लागलो. अजिंक्य म्हणाला, नवा आहे तात्या, पंधरा दिवस पाझरणारच, मग जागा धरतो. सोपानरावांनी ते मानलं. सकाळी सहाला ते माझं झाकण उघडायचे आणि बाटलीने पाणी ओतायचे. एक बाटली, मग दोन, मग पाच लिटरचा कॅन. कॅन भरताना शालनबाईंना दिसू नये म्हणून ते गोठ्याच्या नळावर जायचे. त्या मागच्या सीटवर पडल्या पडल्या म्हणायच्या, "पाजलं का त्याला?"

पाच आठवडे असे गेले. कधी वीस मिनिटं उशीर, कधी अर्धा तास. दवाखान्यात उशिरा आलेल्याची वेळ पुढे सरकत नाही. पुढचा पेशंट बसलेला असतो. चार तासांचे साडेतीन व्हायचे.

त्या गुरुवारी तळवड्याच्या चौकात पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या अडकल्या होत्या. वारा नव्हता. माझा डावा कोपरा फाटला आणि सगळं पाणी वाफ होऊन वर गेलं. इंजिन बंद पडलं. सोपानराव खाली उतरून रिक्षांना हात करत होते. भरलेल्या रिक्षा थांबत नव्हत्या. शालनबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. दोन तास मी त्यांचा श्वास ऐकत होतो. मी दुसरं काही करू शकत नव्हतो. आणि करायचं ते मी आधीच केलं होतं.

शेवटी रिक्षा मिळाली, पण त्या पोहोचल्या तेव्हा दीड तासच उरला होता. नर्सने सांगितलं, उद्या दुपारी जादा वेळ देते, या. शालनबाई दमल्या होत्या. परवा शनिवार हायेच की, म्हणाल्या. सोपानरावांनी आग्रह केला नाही. जीप गॅरेजमध्ये होती. शुक्रवारी दुपारी जेवणाच्या ताटावर त्यांना धाप लागली.

डॉक्टरांनी म्हणे सांगितलं की हृदय थकलेलंच होतं, काहीही झालं असतं. असेलही. मी त्या वाक्याच्या आड लपणार नाही.

अग्नी अजिंक्यने दिला. मुलगा नव्हता, तोच पुढे झाला.

चौथ्या दिवशी सोपानराव एकटे गॅरेजमध्ये आले. मारुतरावांनी मला काढून ठेवलं होतं. फाटलेला कोपरा त्यांनी रबराने बांधला, हवा भरली आणि हौदात बुडवलं. फाटलेल्या जागेच्या शेजारून, अगदी मूळ जोडातून, तीन बुडबुडे आले. मग मारुतरावांनी बोटाला थिनर लावून टाकीवरचा काळा रंग पुसला. खाली लाल दिसलं. दोघेही याच पट्ट्यात म्हातारे झालेले. लाल म्हणजे काय हे एकमेकांना सांगायची गरज नव्हती.

"पोराला बोलू नगा," सोपानराव म्हणाले. "त्यानं डोईचे केस उतरवलेत तिच्यासाठी."

मारुतरावांनी मान हलवली. दुकानातून बिलासकट नवा रेडिएटर आणून त्यांनी जीपला बसवला. मला भिंतीशी उभं केलं, लाल बाजू भिंतीकडे करून.

दहाव्यानंतर चुलते-पुतणे जीप न्यायला आले. अजिंक्यच्या डोक्यावर नुकतेच केस दिसू लागले होते. त्याने चुलत्याला सीटवर बसवलं, दार लावलं. चुलत्याचं मन दुसरीकडे वळावं म्हणून तो गावातलं काहीबाही सांगत होता. उद्धवरावांच्या सुनेचे दिवस भरत आलेत, त्यांची व्हॅन गळत होती, ऐनवेळी अडचण नको म्हणून कालच त्यांना एक रेडिएटर दिला. "आपल्यासारखाच, तात्या. कंपनीतूनच काढला. एक रुपया घेतला नाही."

मारुतरावांनी सोपानरावांकडे पाहिलं. सोपानरावांनी समोरच्या काचेकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते म्हणाले, "चल. उशीर व्हतोय."

जीप गेली. नव्या रेडिएटरने तिला जराही तापू दिलं नाही. मला त्याचा हेवा वाटला नाही.

तुमची गाडी जुनी झाली असेल आणि तिच्यासाठी कोणी प्रेमाने आमच्यापैकी एखादा आणून दिला, तर रागावू नका, पण घेण्याआधी बुडवून बघा. माणूस दुखावेल. दुखावू दे. मला आता कोणीतरी हातोड्याने चपटा करावा, एवढंच मागणं आहे. ते जन्माच्या वेळीच व्हायला हवं होतं.

जीप जाऊन आज सहा दिवस झाले. उद्धवरावांना अजून कोणी काही सांगितलेलं नाही.