एकविसावं पान

तिकीट फिकट गुलाबी, दोन ठिकाणी भोकं पाडलेलं, घामानं आणि प्रवासानं मऊ झालेलं... ते चिमटीत धरून भाऊराव खुर्चीच्या कडेवर बसून राहिले होते, कारण ते जिथं असायला हवं होतं तिथं आता नव्हतं. पिशवीतून पुस्तक काढताना तिकीट खाली पडलं आणि पुस्तक मिटलं. कुठल्या पानावर होतो आपण? साठ? सत्तर? गळ्यातला मफलरसुद्धा अजून सोडला नव्हता. एस.टी.तून चेंबूरला उतरून रिक्षानं पंतनगरला येईपर्यंत उकडायला लागलं होतं. घाटकोपरला कसली आली थंडी... थंडी वाईला राहिली. सगळंच वाईला राहिलं असेल, असं खंबाटकीच्या घाटापासून ते मनाशी म्हणत आले होते. घरी गेलं की ठीक होईल.

स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज सुरू झाला. भाऊराव कान देऊन ऐकत होते. चहाचा डबा वनमालेला, त्यांच्या बायकोला, पहिल्याच खेपेला सापडला. साखरेचाही. तिसऱ्या मजल्यावर पोचल्याबरोबर समोरच्या मालननं किल्ली देताना विचारलं होतं, "इलात? आजी, वायची हळद हाडलात मा?" आणि वनमाला लगेच म्हणाली होती, "आणली गं मालन, नाहीतर तू मला जिना चढू दिला असतास का?" मालन खो खो हसली. भाऊरावांना ते हसणं एखाद्या दाखल्यासारखं वाटलं. मालन म्हणाली ती. नावानं.

आणि वाईला सख्ख्या धाकट्या बहिणीला, सुगंधाला, तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या हो, बाई?"

सुगंधा आधी थट्टा समजून हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. "थंडीनं होतं असं," भाऊराव म्हणाले होते — कुठल्या अधिकारानं, कोण जाणे — "जागा बदलली, पाणी बदललं." पंधरा दिवस ते हेच म्हणत राहिले, आणि दुपारी नदीच्या घाटावर उन्हात बसून तिला पुस्तक वाचून दाखवत राहिले.

पुस्तक म्हणजे निळ्या बेटाच्या कथामालेचा चौथा भाग. एकूण नऊ. उडणारे पलंग, बोलणारी घुबडं, आरशात राहणारी राणी... जाणत्या माणसानं वाचावं असं त्यात काही नाही, हे भाऊरावांना माहीत होतं, आणि कचेरीत असताना त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. वाचनालयातून भाग यायचा, आधी वनमाला वाचायची, मग ते. मग रात्रीच्या जेवणावर त्या कुबड्या नावाड्याबद्दल बोलणं व्हायचं. तिचा जीव त्या नावाड्यावर. तिसऱ्या भागात तो बुडाला, तेव्हा दोन दिवस तिनं आमटी धड केली नाही. आणि घाटावर, कृष्णेच्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, "अहो, नावाडी येतो ना यात?"

"मेला ना तो, तिसऱ्या भागात!" सुगंधासमोर. काय गरज होती मला? हो म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं... तिचा चेहरा, वर्गात चुकीचं उत्तर दिलेल्या मुलीचा.

पान शोधायला हवं. पहिली चाळीस पानं तिची आधीच वाचून झालेली, निघण्यापूर्वी. म्हणून वाईला त्यांनी तिथूनच पुढं वाचलं होतं. निदान तसं ती म्हणाली होती. दसऱ्यापासून पुस्तक तिच्याकडे होतं. "अजून झालं नाही?" "सावकाश वाचते हो. एवढी कसली घाई?" ते सुरुवातीपासून पानं उलटत गेले आणि एकविसाव्या पानावर थांबले.

ती तिची खूण. वाचनालयाच्या पुस्तकात बायका अशी आपापली खूण करून ठेवत, कुणी चांदणी, कुणी फुली; वनमालेचं तुळशीचं पान, पेन्सिलीनं, अगदी कोपऱ्यात. "एकवीस लक्षात राहतं, मोदकांसारखं," ती म्हणायची. भाऊरावांना पुस्तकावर रेघ ओढलेली सोसत नसे; मग ती समजूत घालायची. "अहो, पुठ्ठा बदलला की तो वाचनालयातला नंदकुमार तेच पुस्तक पुन्हा गळ्यात मारतो! खूण दिसली की परत करायचं. वाचलेलं कशाला पुन्हा वाचायचं?"

एकविसाव्या पानावर पाच पानं होती.

एकाखाली एक. पहिलं रेखीव, मधल्या शिरेसकट. दुसरं तसंच. तिसऱ्याची शीर राहिली होती. पाचवं म्हणजे नुसतं पेन्सिलीचं टोक दाबलेलं, कागद पलीकडून वर आलेला. भाऊरावांनी बोट फिरवलं. ते लागलं बोटाला.

म्हणजे थंडी नाही. पाणी नाही. दसऱ्यापासून, इथंच, याच खिडकीशी... आणि दुसरं पान काढताना पहिलं तिला दिसलं असणार. तिसरं काढताना दोन. एकविसाव्यावर पोचायचं, खूण बघायची, वाचलेलं एक अक्षरही आठवत नाही हे कळायचं, आणि ओरडायचं नाही, हाक मारायची नाही — पेन्सिल घ्यायची, आणखी एक पान काढायचं, आणि पुन्हा पहिल्या पानापासून. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होतो. मी विचारत होतो, अजून झालं नाही?

"घ्या." ती चहाचे दोन कप घेऊन आली. चहा उत्तम झाला होता. साखर बरोबर, आलं बरोबर. भाऊरावांनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. पुस्तक त्यांनी मिटलं होतं, बोट आत ठेवून.

"वाचा ना पुढं," ती खिडकीशी बसत म्हणाली.

"तिकीट पडलं गं. पान हरवलं."

"मग पहिल्यापासून वाचा. मला चालेल." मग बाहेर बघत, "नावाडी आहे ना हो यात?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. विचारते आहे, की मला सोपं करून देते आहे? चेहऱ्यावरून काही कळेना. पन्नास वर्षं बघितलेला चेहरा.

"आहे," ते म्हणाले. "आहे ना."

ते वाचू लागले. सावकाश, एकेका वाक्यावर थांबत, स्वल्पविरामालासुद्धा लांबवत. ती मान हलवत होती, राणी आरशातून बोलली तेव्हा "अगंबाई" म्हणाली, अगदी नवं ऐकल्यासारखं. अठरावं पान. एकोणिसावं. तिला आठवावं, एवढंच मागत ते खंबाटकीपासून आले होते. आणि आता एकविसावं पान उघडताना, कोपऱ्यावर अंगठा घट्ट दाबून, ते मागत होते की तिला काहीच आठवू नये... तो कोपरासुद्धा.